बाईंच्या वर्गातली नळी

"नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!" आठवीत व्याकरण शिकवताना आमची नजर खिडकीबाहेर गेली की मराठीच्या बाई हमखास हे ऐकवत. एकदा सराफाची मुलगी उठून म्हणाली, "बाई, वारं तिकडे गेलं नाही तर दागिन्याच्या सांध्याला डाक बसणारच नाही. बाबा नळीनं फुंकतात तेव्हाच दिव्याची ज्योत टोकदार होते." म्हणीत सोनारावर अन्यायच झालाय, हे बाईंनी हसत मान्य केलं आणि फर्मावलं, "उद्या प्रत्येकानं एक नळी आणायची. वस्तू नको, शब्द."

मग काय! बंदुकीची नळी, परीक्षानळी, श्वासनलिका हे पाठ्यपुस्तकी माल झाले. कोणी वर बोट दाखवलं: जुन्या इमारतीवर तेव्हा नळीचीच कौलं होती, मंगलोरी नंतर आली. मटणातली नळी म्हणताच मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती ताटावर आपटून खायची की चोखून, यावर अर्धा तास गेला. दिवाळीतला भुईनळा आल्यावर बाईंनी लिंगविचारही उरकला: नळा, नळ, नळी. आणि नळ म्हणजे नक्की काय? तोटी, तोटीमागचा पाईप की पाणी? आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) "आज नळ येणार का?" असं विचारतात, तेव्हा तोटी तर भिंतीतच असते.

खरी मजा पाणचक्कीच्या सहलीत आली. 1744च्या सुमाराची ही चक्की आम्ही पाहुण्यांना दाखवायला कितीदा तरी गेलो होतो, पण पाहिली नव्हती. विज्ञानाच्या सरांनी आधी भिंत दाखवली. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर येतं. उगम उंचावर आणि नळ बंद, म्हणून पाणी आपली पातळी गाठायला त्या उंच भिंतीत चढतं आणि माथ्यावरून हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर खालचं चाक आणि चाकावरचं जातं फिरायचं. दर्ग्यावर येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंचं पीठ त्यावर दळलं जाई. पंप नाही, इंजिन नाही. मलिक अंबरच्या नहरीचं, म्हणजे त्यानं शहरासाठी बांधलेल्या जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेचं, नावही तिथेच पहिल्यांदा नीट कानावर पडलं. इतिहासाच्या पुस्तकात तो फक्त गनिमी काव्यापुरता भेटला होता, याचा मला अजून राग आहे.

पुढे मी पाणीपुरवठ्याच्याच कामात पडलो. साइटवर सगळे पाईपच म्हणतात, मीही म्हणतो. फक्त गवंडी पातळी घ्यायला पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरतात, तेव्हा शिकाऊ मुलांना मी पाणचक्कीची भिंत सांगत बसतो. मुकादम वैतागतो.

बाईंच्या यादीत एक नळी राहिली होती. हरिश्चंद्रगडावर कोकणातून चढणारी नळीची वाट, कड्यातली अरुंद, दगडधोंड्यांची घळ. ती चढून आल्यावर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "शब्द चालेल. पण पावसाळ्यात गेला नव्हतास ना?"