दाबून बसलेली वाळू आधी कोसळली

भूकंपात वाळूचं एकदा द्रवीकरण झालं, म्हणजे पाण्यानं भरलेली वाळू हादऱ्यांनी द्रवासारखी वाहू लागली, की पाणी वर निघून जातं, कण जवळ येतात, जमीन थोडी खचून घट्ट होते. म्हणजे पुढच्या हादऱ्याला ती जास्त टिकेल, असा सरळ हिशोब. एका प्रकल्पासाठी हाच हिशोब आकड्यांत मांडत होतो, आणि संगणकानं नेमकं उलटं उत्तर दिलं.

आमचं काम डिस्क्रीट एलिमेंट मेथडचं, बोलताना नुसतं डीईएम. कंडाल आणि स्ट्रॅक यांच्या १९७९ च्या शोधनिबंधातली कल्पना आजही पायाशी आहे: वाळू सलग पदार्थ न मानता कण न् कण वेगळा धरायचा. दोन कण टेकले की स्पर्शाच्या जागी एक लंब स्प्रिंग, एक आडवी स्प्रिंग, आणि घर्षणाची मर्यादा ओलांडली की घसरण. पुढचं सगळं न्यूटनच्या नियमांनी. प्रत्येक कण किंचित हलवायचा, नवे स्पर्श शोधायचे, पुन्हा बलं काढायची. वेळेची पायरी इतकी बारीक असते की थोड्याशा हालचालीसाठी यंत्र रात्रभर राबतं.

संगणकातल्या या नमुन्यात पाण्याचा थेंबही नसतो. भूकंपाच्या झपाट्यात पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही आणि ते दाबलंही जात नाही, म्हणून घनफळ बदलत नाही. आम्ही तेवढंच लादतो. मग कणांमधला ताण जितका उतरेल, तितका पाण्याचा दाब चढला असं समजायचं. इतक्या वर्षांनीही मला ही युक्ती फार देखणी वाटते.

तर, १०० किलोपास्कलवर दाबलेला नमुना पहिल्या फेरीत बरीच आवर्तनं, म्हणजे आळीपाळीनं वरून दाबणं आणि ताणणं, सोसून द्रव झाला. मग घनफळ मोकळं सोडून त्याला परत १०० किलोपास्कलवर आणलं. व्हॉइड रेशो, म्हणजे कणांमधल्या पोकळीचं कणांच्या घनफळाशी प्रमाण, कमी झाला होता, म्हणजे वाळू खरोखर घट्ट झाली होती. दुसऱ्या फेरीत मात्र दुसरं आवर्तनही पुरं झालं नाही, ताण शून्यावर.

"मॅडम, कोडमध्ये बग आहे," माझा तरुण सहकारी म्हणाला. शंका रास्तच होती. लोडिंग फार वेगानं दिलं तर कणांचं जडत्व मध्ये येतं आणि उत्तर खोटं निघतं, पण हे जडत्व किती मध्ये येतं ते मोजणारा आमचा इनर्शियल नंबर एक सहस्रांशाच्या बराच खाली होता. बाहेरून दिलेली ऊर्जा, स्प्रिंगमध्ये साठलेली, घर्षणात आणि डॅम्पिंगमध्ये गेलेली, सगळ्याची बेरीज जुळली. एका कणाला सरासरी किती स्पर्श, तोही आकडा दोन्ही फेऱ्यांच्या आरंभी जवळपास सारखाच.

मग स्पर्शांच्या दिशा काढल्या. पहिल्या फेरीआधी त्यांचा आलेख जवळजवळ गोल होता. दुसरीआधी तो भुईमुगाच्या उभ्या शेंगेसारखा, मध्ये चिमटलेला. पहिली फेरी आम्ही थांबवली तेव्हा नमुना वरून दाबला जात होता. सुटे झालेले कण पुन्हा टेकले ते त्याच दिशेनं, एकावर एक. आडवा आधार फारच थोडा.

पडद्यावर एक कण रंगवून त्याच्या मागे लागलो. पाच स्पर्श, बहुतेक वर आणि खाली. दाब असेपर्यंत तो पक्का. लोडिंगनं दिशा बदलली तशी वरच्या बलाची रेघ बारीक होत तुटली, कण जरासा वळला, खालच्या शेजाऱ्यापासून सुटला आणि क्षणभर कुणालाच न टेकता राहिला. आजूबाजूलाही तेच चाललं होतं. स्पर्शांची सरासरी चारच्या खाली गेली. घर्षण असलेल्या गोळ्यांची रचना साधारण त्याहून कमी स्पर्शांवर उभी राहत नाही. कणांमधलं घर्षण तसूभरही बदललं नव्हतं, तरी ताकद गेली.

खात्रीसाठी पहिली फेरी उलट्या टप्प्यावर, नमुना उभा ताणला जात असताना थांबवून सगळं परत चालवलं. शेंग आडवी झाली, आणि या वेळी नमुना वरून दाबताना कोसळला. सहकाऱ्यानं दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि बगचा विषय तिथंच संपला.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० च्या भूकंपात जिथं वाळू वर आली, त्यातल्या अनेक भागांत २२ फेब्रुवारी २०११ ला ती पुन्हा आली. तिथं हादऱ्याची तीव्रता वेगळी होती, केंद्र शहराच्या जवळ होतं, तेव्हा सगळं श्रेय स्पर्शांच्या दिशेला देता येणार नाही. पण एकदा खचली म्हणून जमीन निर्धोक धरायची नाही, एवढं त्या शहरानं दाखवलं आहे.

अहवालाच्या मसुद्यात 'पूर्वी द्रवीकरण झालेला थर तुलनेनं सुरक्षित' असं वाक्य होतं. ते काढलं. नुसत्या घनतेवरून निर्णय न घेता शक्य तितक्या अबाधित नमुन्यांवर आवर्ती चाचणी करावी, असं लिहिलं. किती आवर्तनांत कोसळेल तो आकडा मात्र दिला नाही. आमचे कण गोल आहेत, घरंगळण्याला कृत्रिम विरोध जोडलेले. खऱ्या वाळूचे कण कोनदार असतात, एकमेकांत अडकतात. त्यांचं गणित आता सुरू केलंय, एकेक कण अनेक गोळे जोडून बनवलेला, आणि यंत्राला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतोय.