आमची वाटचाल: भोसरीच्या टूलरूममधून गिटारच्या ब्रिजपर्यंत

आमचं वर्कशॉप पुण्यात नऱ्हेला आहे, इंडस्ट्रियल एरियातला एक गाळा, आणि आम्ही मुख्य काम एकच करतो: इलेक्ट्रिक गिटारला लॉकिंग ट्रेमोलो बसवणं (ब्रिज म्हणजे गिटारच्या बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग; हा ब्रिज बार म्हणजे दांडी दाबली-खेचली की सूर खालीवर करतो आणि तारा दोन्ही टोकांना जखडून ठेवतो), आणि आधीपासून बसवलेला असून सूर धरत नसेल तर तो ठीक करून देणं. फ्रेटची (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) कामं, वायरिंग, साधा सेटअप हे पण होतं, पण नाशिक, कोल्हापूर, गोव्यावरून लोक गिटार घेऊन येतात ते ट्रेमोलोसाठी. एवढ्याशा कामावर धंदा चालतो कसा असं खूप जण विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

मी मूळचा टूलरूमवाला, म्हणजे कारखान्याला लागणारी अचूक मापाची साधनं बनवणारा. आयटीआय केलं आणि भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्स्चरच्या कामाला लागलो, सरफेस ग्राइंडर, मिलिंग, दिवसभर व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात. गिटार मला वाजवता येत नव्हती, आजही कामापुरतीच येते. वाजवायचा तो माझा धाकटा भाऊ. २००७ ला बंगळूरला आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड येऊन गेला, तेव्हा तो आणि त्याचे मित्र गेले होते, आणि परत आल्यावर सगळ्यांना ट्रेमोलोवाली गिटार पाहिजे होती. कुठून कुठून सेकंडहँड मिळवल्या त्यांनी, पण वाजवायला घेतल्या की अर्ध्या गाण्यात बेसूर. दुकानात नेल्या तर एकच उत्तर, मागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जाम करून टाका आणि विसरून जा.

मी भावाची गिटार उघडून बघितली आणि मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण समोर होता तो सरळसरळ आमच्या टूलरूमचा विषय होता. ब्रिजच्या बेस प्लेटला पुढे दोन धारा, त्या बॉडीत रोवलेल्या दोन स्टडच्या (जाड खिळ्यांसारख्या बोल्टच्या) खाचेत टेकलेल्या, एका बाजूने तारा ओढतायत आणि मागच्या पोकळीतून स्प्रिंगा ओढतायत, आणि सगळा ब्रिज त्या दोन धारांवर सोनाराच्या काट्यासारखा तोललेला. धार बोथट झाली किंवा स्टड जरा जरी हलला तर बार सोडल्यावर ब्रिज परत त्याच जागी येणार कसा? गिटारवाल्यांना ते जादूटोण्यासारखं वाटत होतं, मला ते घर्षण आणि फिटिंग वाटलं.

ही सिस्टिम ज्याने काढली तो अमेरिकेतला फ्लॉइड रोज, स्वतः बँडमध्ये वाजवणारा पण दागिने घडवायचं कामही येणारा माणूस, हे मला नंतर कळलं आणि फार बरं वाटलं. १९७६ च्या सुमारास त्याने सुरुवात केली ती नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ ला आली तेव्हापासून ट्रेमोलोचं दुखणं हेच होतं की बार दाबला की तार नटमधून सरकते आणि परत येताना खाचेत अडकते. ह्याने तार नटवरच क्लॅम्प करून टाकली, पहिला नट हाताने केलेला, पितळेचा, तो झिजायला लागल्यावर कडक केलेल्या स्टीलवर गेला. १९७९ ला पेटंट मिळालं. नंतर दोन्हीकडे, म्हणजे नटवर आणि ब्रिजच्या सॅडलमध्ये (तार टेकते त्या तुकड्यात), तार पकडायची आणि ट्यूनिंगची शेवटची फिरवाफिरवी ब्रिजवरच्या फाइन ट्यूनरने (सूर थोडाथोडा हलवणाऱ्या स्क्रूने) करायची अशी पद्धत बसली. गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन अगदी सुरुवातीच्या वापरणाऱ्यांपैकी, त्याच्यामुळे ऐंशीच्या दशकात हे जगभर गेलं.

तर भावाच्या गिटारचे स्टड मी बाहेर काढले, बॉडीतली भोकं मोठी झाली होती, त्यात मेपलचा डॉवेल (लाकडी खुंटी) चिकटवून परत मापात ड्रिल केलं, स्टडचे बुश (धातूच्या नळ्या) दाबून बसवले, आणि ती गिटार सूर धरायला लागली. मग त्याच्या मित्रांच्या आल्या, मग मित्रांच्या मित्रांच्या. नोकरी चालू ठेवून संध्याकाळी घरी करायचो. बायकोने एक दिवस वहीत मांडून दाखवलं की संध्याकाळच्या कामाचे पैसे पगाराच्या जवळ आलेत, आणि तिनेच गाळा बघायला सुरुवात केली. आजही हिशोब, कुरिअर, गिऱ्हाइकांचे फोन सगळं तीच बघते, मी फोनवर बोललो तर अर्धा तास स्प्रिंगांवरच बोलत बसतो.

आता नवीन बसवायचं काम कसं असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की चार स्क्रू काढायचे आणि चार लावायचे. साध्या स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टरला) ओरिजिनल पद्धतीचा लॉकिंग ट्रेमोलो तसाच्या तसा बसत नाही. फेंडरच्या दोन स्टडवाल्या ब्रिजचं अंतर ५६ मिमी, ह्याचं ७४ मिमी, म्हणजे जुनी भोकं बुजवून नवीन करायची. ती करताना माप स्टडपासून घेत नाही, नटपासून घेतो, २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी स्केल (तारेची वाजणारी लांबी) असेल तर प्रत्येक सॅडल पुढेमागे सरकून इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) बसेल एवढी जागा दोन्हीकडे उरली पाहिजे. सेंटर लाइन नेकवरून खाली आणायची, बॉडीच्या कडेवरून नाही, कारण बॉडीची कड कधीच भरवशाची नसते. टेम्प्लेट आम्ही स्वतः केलेली आहेत, राउटर (लाकूड कोरायचं मशीन) एका वेळी दोन-तीन मिमीच खाली जातो, घाई केली की कडेचा पॉलिश उडतो. बार वर खेचायला पण पाहिजे असेल तर ब्रिजच्या मागच्या बाजूला वरून खोलगट जागा करावी लागते, नुसतं खाली दाबायचं असेल तर तेवढं लाकूड वाचतं. नंतर ब्लॉकला, म्हणजे ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याला, हलायला मागची पोकळी पुरते का ते बघायचं.

नटची बाजू त्याहून नाजूक. जुना नट काढून तिथली बैठक खाली घ्यायची, पण पुढची कड जिथे होती तिथेच राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्या फ्रेटपासूनच सूर चुकतो. रुंदी नेकप्रमाणे निवडायची, ४१ मिमीच्या आसपासचा आर-टू, ४३ च्या आसपासचा आर-थ्री. नेकच्या मागून आरपार बोल्ट टाकायचे की वरून लाकडी स्क्रू, ह्यावर गिटारवाले तासन्‌तास भांडतात, माझं मत स्पष्ट आहे, नेकची ती जागा आधीच सगळ्यात बारीक असते, तिथलं लाकूड जितकं कमी काढू तितकं चांगलं. ट्रस रॉड (नेकमधली सळई) हेडस्टॉककडून, म्हणजे मानेच्या टोकाकडून फिरत असेल तर नट लागल्यावर किल्ली जाणार का तेही आधीच बघतो. आणि नटच्या मागे ती तारा दाबणारी पट्टी हवीच, तार नटवर सपाट बसलेली नसेल तर क्लॅम्प आवळला की सूर चढतो आणि माणूस फाइन ट्यूनर फिरवून फिरवून थकतो.

तोल साधणं हे शेवटचं. नऊ-बेचाळीसचा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टँडर्ड ट्यूनिंगला साधारण ३८ किलोने ओढतो, दहा-शेहेचाळीस घातला तर ४६ च्या पुढे. म्हणजे तारांचा गेज (जाडी) बदलला की मागच्या क्लॉचे (स्प्रिंगा पकडणाऱ्या पट्टीचे) स्क्रू फिरवायलाच लागणार, कधी एक स्प्रिंग वाढवावी लागणार. बेस प्लेट बॉडीला समांतर येईपर्यंत ट्यून करा, स्क्रू फिरवा, परत ट्यून करा, हे चालू राहतं, ह्याला शॉर्टकट नाही. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, तारा पूर्ण ताणलेल्या असताना स्टड वरखाली फिरवू नका, ती धार तिथेच खराब होते आणि मग प्लेटच बदलावी लागते.

धंद्याला खरा आकार आला तो ब्लॉकमुळे. स्वस्तातल्या युनिटमध्ये खालचा ब्लॉक झिंकच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, आवाज जरा पातळ येतो आणि स्क्रूचे आटे पण लवकर जातात. मला भोसरीतले व्हीएमसीवाले (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन असलेले) सगळे ओळखीचे, तेव्हा पितळेचे ब्लॉक आपणच करून घेऊ असं ठरवलं, ३२, ३७ आणि ४२ मिमी उंचीचे. बाहेरून मागवला तर कस्टम ड्युटी आणि शिपिंगचाच खर्च मोठा, इथे केलेला त्याच मापाचा आणि गिऱ्हाइकाला परवडणारा. प्रत्येक ब्लॉक पॅक करायच्या आधी प्लेटवर बसवून बघितला जातो. हे काम आता एक पोरगा सांभाळतो, तोही आयटीआयचाच, आणि ड्रमर आहे.

आम्ही नाही पण खूप वेळा म्हणतो. मऊ किंवा थरांनी उलगडत चाललेली बॉडी असेल तर त्यात एवढ्या ताणाचे स्टड टिकणार नाहीत, पैसे घेऊन ते बसवणं बरोबर वाटत नाही. बनावट युनिट, ज्याची धार मऊ धातूची आहे, ते पण बसवत नाही. आणि कोणी आलं की पहिला प्रश्न असतो, दादा तुम्ही वाजवता काय. गाण्यागणिक ड्रॉप डीला (सगळ्यात जाड तार सैल करून) जाणाऱ्याने तरंगता ब्रिज घेऊ नये, ती जाड तार सैल केली की बाकीच्या पाची चढतात, तोलावर असलेल्या गोष्टीत ते होणारच. त्याला आम्ही फक्त खाली जाणारा, बॉडीला टेकलेला सेटअप करून देतो आणि तो खूश असतो.

पावसाळ्यात काम वाढतं. हवेतल्या दमटपणाने नेक हलतो, नेक हलला की तोल हलतो. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या गिटारींचे तर फाइन ट्यूनर आणि सॅडलचे स्क्रू गंजून बसलेले असतात, ३ मिमीची ॲलन की घातली की डोकंच गोल होतं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने ब्रिज पुसायचा, महिन्यातून एकदा स्क्रूंना आणि धारेच्या जागी हलक्या तेलाचा एक थेंब, एवढं केलं तरी वर्षानुवर्षं चालतो. नटचे क्लॅम्पही जीव खाऊन आवळू नका, तार सरकणार नाही इतपत पुरे.

सध्या सात तारांच्या गिटारसाठी टेम्प्लेट करतोय, मागणी बरीच आहे, झालं की सांगूच. नवीन बसवायला आधी फोन करून गिटारचं मॉडेल सांगा, फक्त सेटअप असेल तर शनिवार सोडून कधीही या. आणि येताना तारा काढून आणू नका, आहेत तशा चढवलेल्या असू द्या, बारही बरोबर आणा, ताणाखाली ब्रिज कसा उभा आहे ते बघितल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही.