आत्याची चाळीस सेकंदं

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारपासून डच माहितीपटकार योहान व्हॅन डर कॉयकन डोक्यातून जात नाही. आठवडाभर रात्रीची आवराआवर झाली की त्याचा एकेक माहितीपट बघतेय. आज मात्र बरेच दिवस टाळलेला ‘शेवटचे शब्द’ लावला. बघून झाला आणि उठवेचना.

१९३८चा जन्म, अ‍ॅम्स्टरडॅमचा. बाराव्या वर्षी आजोबांनी कॅमेरा धरायला शिकवलं आणि सतराव्या वर्षी, १९५५मध्ये, मित्रमैत्रिणींच्या छायाचित्रांचं ‘आम्ही सतरा वर्षांचे’ हे पुस्तक निघालं. त्या फोटोंत कुणी हसत नाही. खिडकीशी, सिगरेट ओढत, आपल्याच विचारात बसलेली मुलं. पुढे पॅरिसच्या चित्रपट-शाळेत गेला, तोही शिष्यवृत्ती सिनेमासाठी मिळत होती म्हणून. मनात छायाचित्रणच होतं, आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही. तो स्वतः कॅमेरा चालवायचा, आणि पुढच्या बहुतेक चित्रपटांत ध्वनिमुद्रण त्याची बायको नॉश्का करायची. घरातली दोन माणसं, एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसरीच्या हातात माइक. अशी त्यांनी किती वर्षं जग पालथं घातलं!

त्याची चौकट स्थिर राहत नाही. कुणी बोलत असताना कॅमेरा जरासा डावीकडे सरकतो, परत येतो. पहिल्या दिवशी मला ते खटकलं होतं. आता वाटतं, इथे एक माणूस उभा आहे आणि तो बघतोय, हे तो लपवत नाही एवढंच.

‘अंध मूल’ १९६४चा. त्याच वेळी भेटलेल्या हरमन नावाच्या अंध मुलाकडे तो दोन वर्षांनी परत गेला आणि त्याच्यावर वेगळा माहितीपट केला. हरमन माइक हातात घेतो आणि मोटारींच्या शर्यतीचा आवाज तोंडाने काढतो, गाडी लांबून येते, कानाजवळून सुसाट जाते. त्याच्याबद्दल कीव वाटायला जागाच उरत नाही. शेवटी दिग्दर्शक म्हणतो की सिनेमात सगळं आकारच असतं, हरमनसुद्धा, आणि त्या आकाराचा निरोप घेतो. हे ऐकून मला आधी रागच आला. ज्या मुलाशी एवढी जवळीक केली त्याला असं सोडून जायचं? पण निदान सोडून जातोय हे तो तोंडावर सांगतो. बाकीचे न सांगता जातात.

मंगळवारी ‘विहिरीवरचा डोळा’ बघितला, १९८८चा, केरळात चित्रित केलेला. कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यात, घुमणारी शरीरं, वेदपाठ शिकणारी मुलं, खेड्यापाड्यांतून वसुली करत हिंडणारा सावकार. त्यातली गोष्ट ऐकून मी ताडकन उठून बसले. वाघ मागे लागलेला माणूस झाडावर चढतो, फांदी कोरड्या विहिरीवर वाकलेली, उंदीर ती कुरतडताहेत, खाली साप. विहिरीच्या कडेला गवताची पाती आणि एका पात्याच्या टोकाला मधाचा थेंब. तो माणूस थेंब चाटतो. ही तर आत्याची गोष्ट! महाभारतात विदुर धृतराष्ट्राला सांगतो ती. थोडे फरक आहेत, आत्याच्या गोष्टीत हत्ती असायचा आणि मध पोळ्यातून गळायचा. माजघरात निवडायचं ताट पुढे घेऊन ती सांगायची आणि मी दर वेळी विचारायची, “मग तो पडला का गं?” ती म्हणायची, “अजून नाही.”

‘शेवटचे शब्द’ त्याच्या बहिणीवर आहे, योकवर. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तरी मूळ शीर्षकात तिच्यासाठी डच भाषेतला ‘छोटी बहीण’ असा लाडाचा शब्द आहे. १९९७मध्ये ती कॅन्सरने गेली. जाण्याच्या थोडे दिवस आधी हा तिच्यासमोर कॅमेरा घेऊन बसला. ती बोलते, थकते, पुन्हा बोलते. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या कॅन्सरचं डॉक्टरांनी सांगितलं, तर हा नॉश्काला घेऊन पुन्हा प्रवासाला निघाला, भूतान, बुर्किना फासो, ब्राझील. त्यातून ‘लांबलचक सुट्टी’ झाला. जानेवारी २००१मध्ये तो गेला. पण मी अडकलेय ती बहिणीपाशीच. समोरचं माणूस जाणार हे दोघांनाही ठाऊक असताना त्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला राहिला कसा? आधी मला वाटलं, कठोर असेल. तसं नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत तो तिथून हलला नाही, एवढंच त्याने केलं.

मी हलले होते. आत्या दवाखान्यात होती तेव्हा एका संध्याकाळी फोन काढला, म्हटलं तिच्या तोंडून ती गोष्ट घेऊन ठेवू. नर्स आत आली, मला लाज वाटली, आजारी बाईचं शूटिंग काय करायचं, म्हणून बंद केला. पुन्हा काढलाच नाही. चारच दिवस उरले होते.

आत्ता शोधून तो तुकडा लावला. चाळीस सेकंदं. हात थरथरतोय, निम्मा वेळ नुसती सलाइनची नळी आणि उशीचा कोपरा दिसतो. मग तिचा चेहरा येतो. गोष्ट सुरूच होत नाही. ती माझ्याकडे बघते आणि विचारते, “चहा घेतलास का गं?” मी “हो” म्हणते. घेतला नव्हता.