बोअर पाणी पितं का, ते आधी बघा

मे उजाडला की सोसायट्यांच्या सभांत रेनवॉटर हार्वेस्टिंगची कोटेशनं फिरायला लागतात. फिल्टर कुठला घ्यायचा यावर तासभर खल होतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायचं असतं, पण बोअर ते पाणी घेतं का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

6 इंची, 200 फूट खोल बोअरच्या नळीत जेमतेम 1,100 लिटर पाणी मावतं. बाकीचं सगळं कातळाच्या भेगांतच जिरायला हवं. पुण्याखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. भेग लागली तर पाणी जातं, नाहीतर तोंडाशी येऊन थांबतं. शेजारच्यांचं बोअर पितं म्हणून आपलंही पिईल याचा भरवसा नाही.

चाचणीला एक टँकर पुरतो. आदल्या दिवशी पंप बंद ठेवा, सकाळी दोरीला वजन बांधून पातळी मोजा. मग 10,000 लिटर स्वच्छ पाणी पाइपने सावकाश सोडा आणि दर दहा मिनिटांनी पातळी लिहा. तासाभरात टँकर रिकामा होऊन पातळी पुन्हा खाली गेली, तर बोअर कामाचं. दोन-तीन हजार लिटरमध्येच तोंडापर्यंत भरून तसंच राहिलं, तर फिल्टरवर खर्च करू नका. आणि मे महिन्यातला आकडा जरा फुगलेलाच धरा, कारण ऑगस्टमध्ये भूजल वर आलेलं असतं, तेव्हा बोअर कमी पितं.

आता हिशोब. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 500 चौ. मी. गच्ची, वर्षाला सुमारे 700 मिमी पाऊस, वीस टक्के वाया गेला तरी 2.8 लाख लिटर, म्हणजे 28 टँकर. ऐकायला भरपूर वाटतं. पण 40 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी रोज 135 लिटर धरलं तर हे तेरा दिवसांचं पाणी. 'सोसायटी टँकरमुक्त' असं कोटेशनवर लिहिणाऱ्याला एवढा गुणाकार करून दाखवायला सांगा.

शिवाय पाऊस बेताबेताने पडत नाही. तासाला 50 मिमीची सर आली की याच गच्चीवरून तासाला 25,000 लिटर उतरतं. बोअर 10,000 घेत असेल तर उरलेलं पावसाळी गटारात सोडणारा ओव्हरफ्लो हवाच, नाहीतर ते पार्किंगमध्ये शिरतं.

फिल्टरच्या टाकीत तळाला 40 मिमी खडी, वर 20 मिमी, मग 10 मिमी आणि सर्वांत वर जाड वाळू. प्रत्येक थर वीतभर. वाळू आणि खडीमध्ये नायलॉनची जाळी. गिलाव्यातून उरलेली बारीक क्रश सँड न धुता ओतली, तर पहिल्या मोठ्या सरीलाच फिल्टर चोक होतो. तुंबल्यावर सगळं उपसायची गरज नसते. वरची दोन इंच वाळू खरवडून धुवायची.

पहिल्या पावसाचं पाणी म्हणजे कबुतरांची विष्ठा आणि धूळ. 2 मिमी, म्हणजे इथे 1,000 लिटर, व्हॉल्व्हने बाहेर काढायचं. हा व्हॉल्व्ह जूनमध्ये उघडला जातो आणि कित्येक ठिकाणी दिवाळीपर्यंत उघडाच असतो. तो बंद कुणी करायचा, ते नावानिशी ठरवून ठेवा.

पार्किंगचं पाणी बोअरला कधीच जोडू नका. ते मातीतून गाळून जात नाही, ऑइलसकट थेट भूजलात उतरतं आणि नंतर काढता येत नाही.

बोअर पीत नसेल तर तेच गाळलेलं पाणी 20,000 लिटरच्या टाकीत घ्या आणि फ्लशच्या लाइनला द्या. जुलै-ऑगस्टमध्ये टाकी पुन्हा पुन्हा भरते, त्यामुळे दिसते त्यापेक्षा बरंच जास्त पाणी वापरात येतं. पिण्याच्या लाइनशी मात्र तिचा सांधा नको, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नको.