चार थंड शहरं, आणि त्यातलं माझं एक

ताई आणि मी दोन वर्षांत नॉर्वेतलं बर्गन, स्कॉटलंडमधलं एडिंबरा, डेन्मार्कमधलं कोपनहेगन आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं होबार्ट ही चार शहरं पाहिली, ती मुख्यतः तिथली हवा अनुभवायला. आम्हा दोघींना उकाडा सोसत नाही, आणि हाडं गोठवणारी थंडीही नको. प्रत्येक शहरात रोज रात्री वहीत तापमान, पाऊस, वारा लिहायचो आणि त्याखाली आणखी एक आकडा: घाई न करता आज किती तास बाहेर रेंगाळता आलं. शेवटी निवड ठरली ती याच आकड्यावर.

तापमान आणि पावसावरून जगाचे हवामान-गट पाडणाऱ्या क्योपेनच्या वर्गीकरणात ही चारही शहरं एकाच गटात बसतात. हिवाळा सौम्य, सर्वांत उबदार महिन्याची सरासरी २२ अंशांच्या आत, पाऊस बाराही महिने. प्रत्यक्षात मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

सुरुवात ऑक्टोबरात बर्गनपासून केली. अटलांटिकवरचे ओलसर पश्चिमी वारे इथल्या डोंगरांवर चढतात आणि तिथंच रिते होतात, म्हणून वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस. २००६-०७ च्या हिवाळ्यात तर तो सलग ८५ दिवस पडला होता. आम्ही सहा दिवस होतो, सहाही दिवस पाऊस होता, पण कोसळला एकदाही नाही. तासन्‌तास रिपरिप, मग दहा मिनिटं उघडीप, आणि त्या उघडिपीत समोरचा डोंगर इतका लख्ख दिसायचा की पाय आपोआप थांबायचे. थंडी म्हणाल तर बेताची. साठाव्या अक्षांशावर असूनही जानेवारीची सरासरी शून्याच्या वर राहते, ती समुद्रामुळे. छत्री नेऊ नका, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, तशीच पँट, आणि बुटांचे दोन जोड हवेतच, कारण भिजलेले बूट रात्रभरात वाळत नाहीत. फ्लोयन या सुमारे ४०० मीटर उंच टेकडीवर जायची वेळ आधी ठरवू नका. उघडीप दिसली की निघा.

एडिंबराला मेअखेरीस गेलो. बर्गनहून आल्यावर इथली कोरडी फरसबंदी पाहून नवल वाटलं. वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, तर सत्तरेक किलोमीटर पश्चिमेला ग्लासगोत ११०० च्या वर! पश्चिमेकडचे डोंगर पाऊस आधीच अडवतात, एडिंबरा त्यांच्या आडोशाला राहतं. नकाशावर शहर डोंगराच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायची सवय मला तिथं लागली.

पण त्या शहराचा खरा स्वभाव कळला तो एका सकाळी. दहाला ऊन होतं, साडेदहाला समुद्राकडून पांढरी भिंत आली आणि समोरची गल्ली दिसेनाशी झाली. तिथं या धुक्याला ‘हार’ म्हणतात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उबदार, दमट हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकते, गार होते आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येते. आम्ही कुडकुडत परत फिरणार होतो, तेवढ्यात ताई म्हणाली, “वर जाऊन बघू.” आर्थर्स सीट ही २५१ मीटरची टेकडी. माथ्याच्या अलीकडेच आम्ही धुक्याबाहेर आलो. वर निळं आभाळ, खाली कापसासारखा समुद्र पसरलेला, त्यातून शहराचे दोनचार मनोरे डोकावणारे. तो तास मी विसरणार नाही. हार फार जाड नसेल तेव्हाच असं जमतं. नाहीतर किनारा सोडून पश्चिमेला जा, काही किलोमीटरवर ऊन भेटू शकतं.

मेअखेरीस उजेड साडेनऊनंतरही असतो. तेव्हा मी एडिंबरालाच पहिला नंबर देऊन टाकला होता. डिसेंबरात परत गेलो तर सूर्य पावणेचारच्या आधीच मावळत होता. तापमान पाच-सहा अंश, म्हणजे सोसण्यासारखं, पण वहीतला रेंगाळण्याचा आकडा दोनच्या वर जाईना.

कोपनहेगनबद्दल थोडक्यात. जानेवारीअखेर गेलो, तापमान एक-दोन अंश. साधारण त्याच अक्षांशावरच्या मॉस्कोत जानेवारीची सरासरी शून्याखाली सहा-सात अंश असते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण डेन्मार्क सपाट आहे. देशातलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण १७१ मीटरचं. वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. लोकरीचे थर कितीही चढवा, वरचं कापड वारा अडवणारं नसेल तर उपयोग शून्य. जायचं तर जूनमध्ये जा.

होबार्टला आम्ही जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात पोचलो, आणि पहिल्याच दुपारी माझं मत बदललं. बारा अंश, स्वच्छ ऊन, मागे १,२७१ मीटरच्या कुनान्यी अर्थात माउंट वेलिंग्टनवर बर्फ, खाली रस्त्यांवर कणभरही नाही. अक्षांश जेमतेम ४३, म्हणून ऐन हिवाळ्यातही दिवस नऊ तासांचा. ‘गरजणारे चाळीस’ म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या चाळीस ते पन्नास अक्षांशांमधले जोरदार पश्चिमी वारे, ते टास्मानियाच्या पश्चिम भागात पाऊस ओततात, होबार्ट पर्जन्यछायेत, वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटरवर. एका सकाळी डरवेंट नदीवरून ‘ब्रिजवॉटर जेरी’ येताना पाहिलं. रात्री वरच्या खोऱ्यात साठलेली गार हवा धुकं घेऊन नदीच्या पात्रातून शहराकडे सरकते. दहापर्यंत ते विरलं आणि आम्ही पाच तास बाहेर होतो. हिवाळ्यात पाच तास!

डोंगरावर जाताना मात्र जपा. माथ्यावर शहरापेक्षा सात-आठ अंश कमी असतात, वारा वेगळा, आणि बर्फ साचला की वरचा रस्ता बंद करतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हवा गार आहे म्हणून उन्हाला कमी लेखू नये, कातडी लवकर भाजते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीकडून कोरडा वारा सुटला तर पाराही भडकतो. ४ जानेवारी २०१३ ला तो ४१.८ अंशांवर गेला होता. असे दिवस थोडे, पण ते येतात हे माहीत असू द्या.

ताईला अजूनही बर्गनच आवडतं. उघडिपीची ती दहा मिनिटं तिला पुरतात. तिच्या मताच्या लोकांनी एप्रिल ते जूनमध्ये जावं, तिथला त्यातल्या त्यात कोरडा काळ तो. ती पुढच्या मेमध्ये निघतेय, आणि मी जुलैत होबार्टला.