वळणाच्या जिन्याची हँडरेल संगणकावर उभी करताना

सरळ सुरू होऊन पुढे अर्धवर्तुळात वळणाऱ्या एका जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या हँडरेल राइनो या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जिन्याची मापे ठरलेली होती. मला लाकडात कापता येईल इतके अचूक मॉडेल द्यायचे होते. एकूण चढ ३०६० मिमी होता आणि तो १७० मिमीच्या १८ रायझरमध्ये, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजूंमध्ये, विभागलेला होता. पहिले ५ ट्रेड (पाय ठेवण्याच्या आडव्या बाजू) सरळ व २८० मिमीचे होते आणि पुढचे १२ ट्रेड प्रत्येकी १५ अंशांचे होते. चालण्याच्या रेषेची, म्हणजे चढणारा माणूस जिथून चालतो असे धरतात त्या रेषेची, त्रिज्या १०७० मिमी घेतल्यामुळे वळणातही त्या रेषेवर ट्रेड २८० मिमीच भरत होता, आणि दोन रायझर व एक ट्रेड यांची बेरीज ६२० मिमी येत असल्याने चढताना पाऊल कुठे अडखळण्याचे कारण नव्हते. हँडरेलची अडचण मात्र चालण्याच्या रेषेवर नसून तिच्या दोन्ही अंगांना असते, आणि तिथले आकडे वेगळेच निघतात.

आतल्या हँडरेलची त्रिज्या ५७० मिमी होती आणि बाहेरचीची १५७० मिमी. पंधरा अंशांत आतल्या बाजूला जेमतेम १४९ मिमी अंतर मिळते, तर बाहेरच्या बाजूला ४११ मिमी. चढ मात्र दोन्हीकडे तोच, १७० मिमी. म्हणून सरळ भागात ३१.३ अंशांनी चढत आलेली हँडरेल वळण सुरू होताच आतल्या बाजूला एकदम ४८.७ अंशांवर जाते आणि बाहेरच्या बाजूला २२.५ अंशांवर उतरते. प्लॅनमध्ये सरळ रेषा आणि वर्तुळखंड एकमेकांना स्पर्शिकेने जुळलेले असल्यामुळे तिथे सगळे गुळगुळीत वाटते. उंचीत मात्र त्याच बिंदूवर कोपरा पडलेला असतो. हेलिक्सच्या (गोल फिरत एकसारखा चढणाऱ्या वक्राच्या) कमांडने वक्र काढून तो सरळ रेषेला नुसता जोडला, तर मॉडेलमध्ये हा कोपरा जसाच्या तसा उतरतो आणि पुढे सुताराच्या हातात जातो. माझ्या मते या कामातला खरा विचार या एका जागेचाच आहे. बाकीचा बराचसा भाग सॉफ्टवेअर मुकाट्याने करून देते.

हेलिक्स काढणे सोपे होते. पाच सरळ ट्रेड संपतात तिथे, म्हणजे सहाव्या नोजिंगवर (पायरीच्या पुढच्या कडेवर), उंची १०२० मिमी होते आणि तिथून अर्ध्या फेऱ्यात २०४० मिमी चढायचे होते. म्हणून पिच, म्हणजे पूर्ण फेऱ्यातला चढ, ४०८० मिमी आणि फेरे ०.५ एवढेच सांगावे लागले. हँडरेलच्या माथ्याची मधली रेषा नोजिंगपासून उभ्या मापाने ९०० मिमी वर धरली होती, त्यामुळे हेलिक्सची सुरुवात १९२० मिमी उंचीवर झाली. वळणाची दिशा उलटी आली तर तिथल्या तिथे पर्याय बदलता येतो.

कोपरा घालवण्यासाठी मी त्रिमितीत थेट ब्लेंड करण्याचे, म्हणजे दोन वक्रांमधला जोड सॉफ्टवेअरकडूनच काढून घेण्याचे, टाळले. ब्लेंडचा वक्र दोन टोके छान जोडतो, पण मधल्या टप्प्यात तो प्लॅनमधली रेषा सोडून किंचित आत-बाहेर सरकतो, आणि त्याची उंची नेमकी किती आहे हे आपल्या हातात राहत नाही. त्याऐवजी मी उलगडा काढला. प्लॅनमधल्या रेषेवर उभा पडदा आहे असे मानून तो सपाट पसरला, की आडव्या अक्षावर प्लॅनमधले अंतर आणि उभ्या अक्षावर उंची येते. वृत्तचितीवरचा हेलिक्स या उलगड्यात चक्क सरळ रेषा होतो, आणि सगळा प्रश्न वेगळ्या उतारांच्या दोन सरळ रेषा एकमेकींना कशा जोडायच्या एवढ्यावर येतो. रस्त्याचे अभियंते चढ आणि उतार जिथे मिळतात तिथे उभ्या प्रतलात पॅराबोला वापरतात. मीही तोच वापरला आणि त्याची आडवी लांबी ६०० मिमी ठेवली, म्हणजे ३०० मिमी सरळ भागात आणि ३०० मिमी वळणात.

पॅराबोलाचा फायदा असा, की कोपऱ्याच्या जागी उंची किती बदलेल हे आधीच काढता येते: दोन उतारांच्या गुणोत्तरांतील (चढ भागिले आडवे अंतर) फरकाला लांबीने गुणायचे आणि आठाने भागायचे. बाहेरच्या बाजूला ०.६०७ आणि ०.४१४ या उतारांमुळे हा बदल १४.५ मिमी आला, आतल्या बाजूला ०.६०७ आणि १.१३९ या उतारांमुळे जवळपास ४० मिमी. या आकड्यांपेक्षा त्यांची दिशा महत्त्वाची ठरली. आत उतार वाढत जातो, त्यामुळे वक्र कोपऱ्याच्या वरून जातो आणि हँडरेल तिथे ९४० मिमीवर येते, ज्याने काही बिघडत नाही. बाहेर उतार कमी होतो, त्यामुळे वक्र कोपऱ्याच्या खालून जातो आणि उंची ९०० मिमीच्या खाली घसरते. कठड्याची उंची ही सुरक्षिततेची बाब असल्याने ही घट मला मान्य नव्हती. म्हणून बाहेरची संपूर्ण रेषा ९१५ मिमीवर उचलली आणि तिचा हेलिक्स १९३५ मिमीपासून धरला. आतल्या बाजूचे ३०० मिमी म्हणजे ३० अंशांहून किंचित जास्त, अर्थात दोन ट्रेडपेक्षा थोडे अधिक, हेही याच उलगड्यात दिसले. लांबी याहून वाढवली असती तर तिसऱ्या ट्रेडवरही हँडरेल नोजिंगपासून नको तितकी दूर राहिली असती.

उलगड्यातला वक्र परत गुंडाळण्यासाठी राइनोमध्ये तयार कमांड आहेत, परंतु त्या पृष्ठभागाच्या अंतर्गत मोजमापावर चालतात आणि वर्तुळखंडावर ते मोजमाप प्रत्यक्ष लांबीशी सगळीकडे जुळत नाही. म्हणून मी सरळ हिशोबाची वाट धरली. प्लॅनमधल्या रेषेवर दर ५० मिमीला एक बिंदू घेतला, त्याला पॅराबोलातून निघालेली उंची दिली, आणि या तेरा बिंदूंतून जाणारा वक्र काढताना दोन्ही टोकांच्या स्पर्शिका बांधून टाकल्या. त्याच्या आधी सरळ रेषा, नंतर छाटलेला हेलिक्स. ही पद्धत कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. वक्रतेचा आलेख लावल्यावर जोडांवर पायरीसारखी उडी दिसते खरी, परंतु प्लॅनमध्येच सरळ रेषेतून एकदम वर्तुळखंड सुरू होत असेल, तर वक्रता तिथे उडी घेणारच. प्लॅन न बदलता ती घालवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. वरच्या टोकाला, जिथे हँडरेल मजल्यावरच्या आडव्या कठड्याला मिळते, तिथेही हीच रीत वापरली.

यानंतर छेद. हँडरेल ६० मिमी रुंद आणि ४० मिमी जाड होती. माथा गोलसर, तळ सपाट आणि तळाला लोखंडी पट्टी बसण्यासाठी खाच. हा छेद उभ्या प्रतलात न काढता वक्राला काटकोनात काढावा लागतो. उभ्या प्रतलात काढलेली ४० मिमीची जाडी ४८.७ अंशांच्या उतारावर प्रत्यक्षात २६ मिमीच्या आसपास भरते, आणि पट्टीच्या खाचेवर पुरेसे लाकूड उरत नाही.

गोल नळीची हँडरेल असती तर पुढचा मुद्दा उद्भवलाच नसता, कारण नळी स्वतःभोवती फिरली तरी कोणाला कळत नाही. सपाट तळ असला की मात्र स्वीप करताना, म्हणजे छेद वक्रावरून सरकवत घन आकार तयार करताना, तो कसा नेला जातो याला फार महत्त्व येते. छेदाला कमीत कमी पीळ देत नेणारा स्वीप ऐकायला निर्दोष वाटतो, परंतु हेलिक्सवर तो छेदाला हळूहळू कलंडवतो. हे कलंडणे प्लॅनमधल्या कोनाला उताराच्या साइनने गुणून मिळते. १८० अंशांच्या वळणात बाहेरच्या हँडरेलसाठी ते ६९ अंशांच्या घरात येते आणि आतल्यासाठी तब्बल १३५ अंश, म्हणजे वर पोहोचेपर्यंत खाच खाली पाहण्याऐवजी बरीचशी वरच पाहू लागते. फ्रेनेच्या नावाने ओळखला जाणारा पर्याय शुद्ध हेलिक्सवर उत्तम चालतो, कारण तो छेदाची दिशा मुख्य लंबावरून, म्हणजे वक्र ज्या बाजूला वळतो त्या दिशेवरून, ठरवतो आणि तिथे हा लंब नेहमी आडवा आणि अक्षाकडे असतो. पण सरळ रेषेवर वक्रताच शून्य असल्याने तो लंब ठरत नाही, पॅराबोलाच्या पहिल्या ३०० मिमीत तो उभ्या प्रतलात असतो आणि वळण सुरू होताच आडवा होऊ पाहतो. त्या जागी छेद गिरकी घेतो. राइनोच्या एका रेलच्या (एकाच मार्गवक्राच्या) स्वीपमध्ये रोडलाइक टॉप हा पर्याय निवडल्यावर छेदाची आडवी बाजू शेवटपर्यंत आडवी राहिली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये असा पर्याय नसतो तिथे तोच वक्र सरळ वर उचलून दुसरा मार्गदर्शक म्हणून दिला, तरी काम भागते.

तपासणीसाठी प्रत्येक नोजिंगवर उभी रेषा काढून ती हँडरेलच्या माथ्याला कुठे छेदते ते मोजले, आणि काही ठिकाणी मॉडेल काटकोनात कापून तळ आडवा आहे ना ते पाहिले. नुसते फिरवून पाहिलेले मॉडेल नेहमीच सुंदर दिसते. त्यावर विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे.

कारखान्याला मॉडेलसोबत जे आकडे दिले त्यांत वक्रतेची खरी त्रिज्या मुद्दाम लिहिली. थर चिकटवून वाकवायचे लाकूड प्लॅनमधल्या ५७० मिमीवर वाकत नाही. हेलिक्सची अवकाशातली त्रिज्या आतल्या बाजूला १३१० मिमी आणि बाहेर सुमारे १८३९ मिमी येते, आणि थर किती पातळ ठेवायचे हे त्यावरून ठरते. पूर्ण अर्धवर्तुळ धरले तर आतल्या हेलिक्सची लांबी २७१४ मिमी आणि बाहेरच्याची ५३३८ मिमी भरते; त्यांतून दोन्ही टोकांचे पॅराबोलाचे भाग वजा होतात. तुकड्यांचे जोड पॅराबोला संपतो तिथे, वक्राला काटकोनात ठेवले, जेणेकरून सांध्याच्या दोन्ही तोंडांचा आकार मूळ छेदाइतकाच राहील आणि आतला बोल्ट सरळ बसेल. बाहेरची हँडरेल एका तुकड्यात करणे कारखान्याला जड जात असल्याने तिला मध्यावर आणखी एक जोड दिला.