बरोबर सुई लावली आणि मशीन बिघडलं

घरगुती ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड कापत कापत टाके घालणारं मशीन, दुरुस्तीला आलं की मी आधी सुया काढून बघतो. या मशीनची तक्रार मात्र उलटीच होती. चार दोऱ्यांचं मशीन, ताई घरी नायटी-लेगिंग शिवतात. म्हणाल्या, "पुस्तकातल्या नंबरची सुई लावली तेव्हापासून टाके सुटतात. आधीची छान चालत होती."

आधीची बघितली तर दांडा पूर्ण गोल. कारखान्यातल्या ओव्हरलॉकची, डीसी नंबरची. दुकानात नुसतं "ओव्हरलॉकची सुई द्या" म्हटलं की हीच पुडी हातात पडते. मशीन घरचं की कारखान्यातलं, विचारतो कोण? बहुतेक घरगुती मशीनना एचए नंबरची सुई लागते. तिचा दांडा एका बाजूने चपटा असतो. ती बाजू मागे करून पार वरपर्यंत सारली की सुई सरळच बसते. गोल दांड्याला हा आधार नाही. जरा फिरली की सुईच्या पाठीवरची खाच लूपरसमोरून सरकते. लूपर म्हणजे सुईचा दोरा पकडून टाका घालणारा आकडा.

मग ती चालली कशी? खालच्या लूपरच्या स्क्रूवर पाना घसरल्याच्या ताज्या खुणा होत्या. आधीच्या मेकॅनिकने लूपर हलवून चुकीच्या सुईला टायमिंग, म्हणजे सुई आणि लूपरच्या भेटीची वेळ, जुळवून दिलं होतं. काम सफाईचं, ते मानलं. पण एवढी खटपट करणाऱ्याला दहा-वीस रुपयांची सुई बदलावीशी वाटली नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

७५/११ जाडीच्या दोन्ही एचए सुया नव्या लावल्या. चाक हाताने फिरवत लूपर आणला. सुई तळाला जाऊन वर निघाली की लूपरचं टोक तिच्या पाठीमागून, भोकाच्या किंचित वरून जायला हवं. अंतर केसभर, पण घासता कामा नये. डाव्या सुईला जमवलं, उजवीला तपासलं, मग स्क्रू आवळला.

तरी सुईचा दोरा तुटायचा. तो दोष ओवण्याचा. खालच्या लूपरचा दोरा तुटला की ताई तेवढाच ओवायच्या, सुया ओवलेल्या तशाच. त्यात सुईचा दोरा लूपरखाली अडकतो आणि दोन-चार टाक्यांत तुटतो. आधी सुयांचे दोरे भोकातून काढायचे, लूपर ओवायचा, मग पुन्हा सुया. सगळंच नव्याने ओवायचं असेल तर वरचा लूपर, खालचा लूपर, उजवी सुई, डावी सुई. कापड दाबणारा फूट वर उचललेला हवा, नाहीतर दोरा त्याचा ताण धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही आणि माणूस उगाच टेन्शनची बटणं पिळत राहतो. ताईंचं एक बटण ९ वर होतं! चारही ४ वर आणली. ब्लेडखालचा कापूस ब्रशने काढला. फुंकर मारली की तो आत जाऊन तेलात चिकटतो.

सुती कापडावर टाका स्वच्छ आला. लायक्रावर डावी सुई अधूनमधून टाका सोडत होती. तिथे ताणणाऱ्या कापडासाठीची एचए-वन-एसपी सुई लावली, डिफरन्शियल फीड (पुढचे-मागचे दाते कापड किती कमी-जास्त ओढतात ते) १.५ वर नेला, तेव्हा थांबलं. आता ही सुई त्यांच्या गावातल्या दुकानात मिळायला हवी.